ऐतखाऊ वळू

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचे धाकटे दीर वळूचा रिपोर्ट घेऊन आत आले.

“वहिनी, सुटलो! वीर्य एक नंबर आहे.”

“मग कुरणातल्या तीस गाईंपैकी अकराच गाभण कशा?”

“मागच्या खुरात खडा रुतला होता. पाय टेकला की कळ यायची. गाईवर उडी घेणार कसा?”

“म्हणजे विकायला नको?”

“छे! खडा काढलाय. महिन्याभरात कामाला लागेल.”

“आणि मी मेली वर्षभर त्याला ऐतखाऊ म्हणत होते!”

“त्याला कुठं कळतंय?”

“भावजी, इथं माणसांचे गुडघे बघतात का हो?”

“का? तुम्हाला काय झालं?”

“मला नाही. तुमचे दादा हल्ली जिन्यात मधेच बसतात. त्यांनाही मी तेच म्हणते.”