राणीचे चाळीस दिवस

अल्माटीच्या दवाखान्यात झानार बाळाला थोपटत नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या आजोबांनी कोटाच्या खिशातून काळा मोजा काढून त्यातली काचेची नळी चाचपली, तशी त्यांच्या बाजूला बसलेली आजी कडाडली.

“ठेवा आत! आज एकोणचाळिसावा दिवस आहे.”

“नळीत जरा डोकावतो गं. राणी मुंगीनं किती पिल्लं काढलीत, एवढंच बघतो.”

“मागच्या राणीकडे असेच रोज डोकावत होतात. घाबरून तिनं स्वतःची अंडी खाल्ली. चाळीस दिवस बाळंतिणीला परक्यानं बघायचं नसतं.”

“मी परका? डोंगरातून मीच आणली तिला!”

“पुरुष म्हणजे परकाच.”

“मग घरी कपाटात तरी ठेवू द्यायचीस.”

“घरी तुमची बहीण आलीय. तिच्या नजरेनं दूध नासतं.”

“आणि उद्या चाळिसावा म्हणून राणीलाही बाळासारखी चाळीस चमचे पाण्याची आंघोळ घालणार? बुडेल ती!”

“कापसावर चाळीस थेंब टाकीन. रीत म्हणजे रीत. तुझं बाळ किती दिवसांचं गं, पोरी?”

“बेचाळीस, आजी.”

“बघा! चाळीस झाल्यावरच बाहेर आणलं. हिला कळतं.”

तेवढ्यात आजोबांचा नंबर आला. मोजा आजीच्या हातात देऊन ते आत गेले. दार लागलं, आणि आजीनं हळूच नळी बाहेर काढली.

“आजी, एकोणचाळिसावा ना?”

“मी काय परकी आहे? आजी आहे मी या पिल्लांची. अगंबाई, पाच झाल्या! केवढ्याशा गं माझ्या सोन्या!”

आजोबा बाहेर आले तेव्हा नळी मोज्यात होती.

“उघडून बघितलं नाहीस ना?”

“मी? छे!”

“शपथ?”

“पाचही जणींची शपथ!”