आत एक्केचाळीस, बाहेर शून्य

हंबीरराव: मग बदल की त्यो सेन्सर! तिसरी खेप हाय तुझी, मल्हार. रोज सांजच्या सहा वीसला मागच्या बांधावरचा दिवा लागतोय. खिडकीतनं बघावं तर कुत्रं न्हाई, मांजार न्हाई.

मल्हार: दोनदा बदलला, सुभेदारसाहेब. सेन्सर चांगला हाय. ह्या खांबावरनं त्या खांबावर किरणं जात्यात, डोळ्यांना दिसत न्हाईत. एक गुडघ्याला, एक छातीला. दोन्ही एकदम तुटली तरच दिवा लागतोय. कुत्रं छातीपतोर पोचत न्हाई.

हंबीरराव: म्हंजे माणूस?

मल्हार: माणसाएवढं काय तरी. ह्यो मोबाइल बघा. खांबांच्या दोन जोड्या हायती, एक भाईरची, एक आतली. आधी कुठली तुटली त्यावरनं आत आलं का भाईर गेलं, ते कळतंय. आत, एक्केचाळीस. बाहेर, शून्य.

राहीबाई: बरोबर हाय. दिवा लावून एक्केचाळीस दिस झाले.

हंबीरराव: तू चहाचं बघ जा.

राहीबाई: चहा पिऊन झालाय. कप तुमच्या म्होरं हाय.

मल्हार: काकू, मागनं घरातलं कोण जातं-येतं का?

राहीबाई: वरीस झालं, कोण न्हाई. सतरा वर्सं सरहद्दीवर काढल्याला माणूस, आन सोताच्या बांधाला जायाला भितोय.

हंबीरराव: भितोय कोण? चोर येत्यात. दिवा लागला की पळत्यात.

मल्हार: पळाला तर भाईर जाईल की, साहेब. एक तरी.

हंबीरराव: लय शाना झालास. काढ ते सगळं. खांबासकट काढ.

मल्हार: काढतो. तुमचा शब्द मोडायचो न्हाई मी. माझ्या आयला तुमी सोताच्या जीपमधनं आमच्या गावाकडं, माणात आणलंसा. न्हाईतर पाटाच्या कडंला बेवारशी पडली आसती. त्ये ह्या जल्मात फिटायचं न्हाई.

राहीबाई: आयकलंसा? फिटायचं न्हाई म्हणतोय.

हंबीरराव: राहे, गप!

मल्हार: काढायच्या आधी एक इचारू? सेन्सर ठोकताना ह्या जुन्या खांबांवर चिनीमातीचे गुटके घावले. तार अडकवायचे. सगळ्या खांबांना हायती, गुडघ्याच्या उंचीला. कसली तार हुती?

हंबीरराव: काटेरी. जुनी.

मल्हार: काटेरी तारंला गुटके लागत न्हाईत. करंट सोडायचा आसला तरच लागत्यात.

हंबीरराव: मग? डुकरं ऊस खात्यात. समदा गाव सोडतोय करंट. मी एकटाच का?

मल्हार: काढली कवा?

राहीबाई: तुझी आय गेली, त्याच राती.

हंबीरराव: सापानं... तिला सापानं...

मल्हार: सापानं, आसं तुमी सांगितलंसा. दवाखान्यात नगं, उगं चिरफाड करत्याल म्हणलासा. आमी आयकलं. तिच्या तळहातावर काळी रेघ हुती. घागरीच्या दोरीचा वळ हाय म्हणलासा. मी वायरमन हाय, सुभेदारसाहेब. भाजल्याली कातडी रोज बघतो. आन दोरीचा वळ समजून मी तिला माती दिली.

हंबीरराव: मी मारलं न्हाई तिला! मीच तुमची मेंढरं वावरात बसवून घेतली हुती, खतासाठी. तार हाय, हे सांगायचं राहून गेलं. रोज सहा वीसला बटण दाबायचो. हाताला सवय. ड्यूटी म्हंजे ड्यूटी. त्या दिशीबी दाबलं.

राहीबाई: आन ती पाण्याला आली.

मल्हार: टायरच्या तळाचं पायताण हुतं तिला. मीच घेऊन दिल्यालं, सातारच्या बाजारातनं. त्ये पायात आसतं तर वाचलीबी आसती. तुमी म्हणलासा, पायताण पाटात व्हावलं.

राहीबाई: पाटात न्हाई व्हावलं. दुसऱ्याच्या पिकात पायताण घालून शिरायचं न्हाई, ही तुमची मेंढपाळांची चाल ना? बांधावर काढलं तिनं, जोडीनं ठेवलं, आन वल्या सरीत अनवाणी पाय टाकला. आमच्या उसाचा मान ठेवला बाईनं. ह्यांनी तिला उचलून पाटावर न्हेऊन टाकलं. पायताण इसरले. मिल्ट्रीचा माणूस, आन म्होरं पडल्याली वस्तू दिसली न्हाई.

हंबीरराव: तू जाळलं म्हणालीस! शपथ घेतलीस!

राहीबाई: खोटी घेतली. जुंधळ्याच्या कणगीच्या मागं ठेवलंय. वरीसभर रोज धूळ झटकते, आन गप बसते. माझंबी पापच हाय, मल्हार. मला सोडू नगंस.

(मागच्या बांधावरचा दिवा लागतो. सहा वाजून वीस मिनिटं.)

मल्हार: बेचाळीस.

हंबीरराव: बंद कर! मल्हार, त्यो दिवा बंद कर! ऑर्डर हाय माझी!

मल्हार: सेन्सर चांगला हाय, साहेब.

हंबीरराव: काय पायजे तिला? पाणी? राहे, पाणी ठेव. घागरभर ठेव.

राहीबाई: रोज ठेवते, मागच्या दाराशी. घोटभर कमी होत न्हाई. पाणी नगं तिला. येती, हुडकती, आन हितंच राहती. अनवाणी कशी जाईल ती माणात? वाटंत काटं थोडं हायती का?

मल्हार: काकू, द्या माझं मला.

राहीबाई: देत न्हाई. मी सोता घेऊन येते. ठाण्यात चल. काय बघितलं, त्ये माझ्या तोंडानं सांगते.

हंबीरराव: नवऱ्याच्या इरुद्ध? लोक मला सुभेदार म्हणत्यात, राहे. देवळात पयला नारळ माझ्या हातात देत्यात.

राहीबाई: मी चाळीस वर्सं गप बसले म्हणून देत्यात.

हंबीरराव: आन मी? हितं एकटा राहू?

राहीबाई: एकटं कुठं? बेचाळीस येळा आत आलीया ती.

मल्हार: चला काकू. गाडी फुडच्या अंगाला लावलीया.

राहीबाई: न्हाई. ह्ये पायताण घेतलं, आता मागनं जायाचं. ती आली त्या वाटनं.

हंबीरराव: राहे... आगं, दिवा तरी बंद करून जा...

मल्हार: सांभाळून, काकू. सरी वली हाय. हात द्या. ह्यो खांब... आता ह्यो दुसरा. झालं, बांधावर आलो.

राहीबाई: मोबाइलात काय दावतंय?

मल्हार: बाहेर... काकू, आपुन दोघंच हाय न्हवं?

राहीबाई: किती दावतंय, त्ये सांग.

मल्हार: तीन.

राहीबाई: मग थांब जरा. पायताण खाली ठेवते. घालू दे तिला.