दोनदा पॉलिश

(तळेघर. सकाळ. ओट्यावर तांदळाचं उघडं पोतं. घोडेगावचा व्यापारी हितेश मूठ भरून बघतोय. समोर घरमालकीण इंद्रायणी. तिची सून वृषाली, सातवा महिना, दारात.)

हितेश : म्हणजे सगळाच पॉलिश केलात?

इंद्रायणी : दोनदा. आमच्या बायकांच्या गटातल्या आठीजणींचा, समदा एकसारखा.

हितेश : मावशी, मी हातसडीचा तांबडा मागितला होता.

इंद्रायणी : तुमीच म्हणला, माल झकास पायजे. तांबडा आमी घरात खातो, शेठ. पुण्याच्या माणसांच्या ताटात तसला वाढायचा? लाज वाटती.

हितेश : अहो, त्यांना तोच हवाय. सगळं सत्त्व त्या तांबड्या सालीत असतं. लॅबमध्ये तपासून घेतलंय त्यांनी. तुम्ही गिरणीत काढून टाकलंत.

इंद्रायणी : टाकलं न्हाई. कोंडा म्हशीला घातला. तरीच म्हटलं, ही एवढी तुकतुकीत कशी झाली.

हितेश : हसण्यावारी नेऊ नका. पुण्याच्या कंपनीचा माणूस दुपारी माझ्या दुकानात येतोय. एक पोतं तांबडं दिसलं, तर पुढच्या साली सगळ्या गटाचा माल घेईल. नाहीतर गेला तो ओतूरला माल घ्यायला.

इंद्रायणी : बियाण्याचं भात तेवढं उरलंय. त्ये उखळात घातलं तर पेरू काय?

हितेश : मग ते कणगीमागचं पोतं? हातसडीचं दिसतंय.

इंद्रायणी : त्ये न्हाई.

हितेश : का?

इंद्रायणी : वृषालीचं हाय. रक्त आठावर आलंय तिचं. बाळंतपणात पेजेला व्हावं म्हणून मी सोता सडून ठेवलंय. नाचणी तर ह्या साली पावसात भिजून काळी पडली.

वृषाली : देऊन टाका, आत्या.

इंद्रायणी : तू गप.

वृषाली : आठ घरांचा प्रश्न आहे. गटातल्या बायडाबाई उद्या दारात येऊन विचारतील, तेव्हा काय सांगायचं? आणि गोळ्या चालू आहेत माझ्या.

इंद्रायणी : गोळ्या उलटून पडत्यात तुझ्या. मला दिसत न्हाई व्हय?

हितेश : मावशी, मला ठाऊक असतं तर मी विचारलंच नसतं.

इंद्रायणी : आता ठाव झालं. आता विचारा.

हितेश : ...दीड वाजता येतोय तो.

इंद्रायणी : घरोघर मीच सांगत फिरले व्हते, पांढरा करा, पांढरा करा. समद्यांनी माझं ऐकलं. कुठनं वाट काढू, सांगा ना. हिकडं सून, तिकडं त्या सातजणी. लई जीव कोंडलाय बघा माझा.

हितेश : खजूर, गूळ, काय लागेल ते मी पाठवतो.

इंद्रायणी : पाठवा, नायतर राहू द्या. आधी त्ये कणगीमागचं पोतं उचला. माझं मन फिरंल.

वृषाली : आत्या, बसा जरा.

इंद्रायणी : बसत न्हाई. तू गोठ्यात जा, आन घमेल्यात बारीक कोंडा उरलाय का बघ. म्हशीला आज टाकू नको. चाळून तुझ्या भाकरीत मळते.