रेंज न्हाई

— दमलात व्हय? टेका की जरा त्या दगडाला. सहरातली मानसं तुमी, चढ हाय थोडा. म्हनूनच म्हनले, कागद पिशवीत ठेवा, आदी जागा बगा. तिसरा हेलपाटा हाय तुमचा, मला का कळत न्हाई? समद्या गावाला टॉवर पायजे, ही म्हातारी गोजरबाई तेवढी अडून बसलीय — असंच सांगितलं आसंल ना तुमाला पारावर? सांगू द्या. टेकाड माज्या नावावर हाय, तवा सहीबी माजीच लागनार. आन् मी न्हाई म्हनलेच न्हाई कवा. मी म्हनले, बगू. चला, उटा, का बसायचंय अजून? मला असं मदीच थांबलं की कसंतरीच हुतं.

तुमचं सकाळपासनं एकच चाललंय — रेंज येईल, रेंज वाढंल. साहेब, त्यो सबुद ह्या गावात तुमच्या मोबाईलच्या लई आदीपासनं हाय. मी लगीन हून आले ती सोळा वर्साची, माहेर माजं तिकडं खर्ड्याकडं. दुसऱ्याच दिशी सासू म्हनली, आज सरपनाला जाऊ नगं, रेंज चालू हाय. मला वाटलं रेंज म्हंजी कुनी भांडखोर बाई हाय शेजारची! हसताय? दुपारी असा धडाका झाला, चुलीवरचं झाकन खाली आलं, मी दान्याच्या कनगीमागं जाऊन बसले. मग मालकांनी सांगितलं — पुंजाराम नाव त्यांचं, आता न्हाईत ते — म्हनले, अगं, पल्याड लष्कर तोफांचा सराव करतं, त्या रानाला रेंज म्हन्त्यात, तांबडा झेंडा लागला की तिकडं फिरकायचं न्हाई. ते बगा, हितनं दिसतंय ते पिवळं माळरान, तेच. माजा पैला इंग्रजी सबुद त्यो. नवऱ्यानं शिकवला. पुढं बिबट्यानं कालवड नेली तवा फॉरेस्टची मानसं आली, ती म्हनली, मावशी, ह्यो बिबट्या आमच्या रेंजमधला न्हाई, शेजारच्या रेंजमधला हाय. घ्या! मी म्हनले, त्याला तुमी हद्द दावली हुती का? मग मोबाईल आले. मग जो त्यो हात वर करून फिरायला लागला, रेंज हाय का, रेंज गेली का. तोफंची रेंज, वाघाची रेंज, फोनची रेंज — सबुद एकच, पन जो येतो त्यो आपलाच अर्थ टाकून जातो त्यात. मीबी टाकला. — काय न्हाई. चला.

माजी लेक जया. एकलीच. नगरला रगत तपासायच्या लॅबमधी कामाला लागली, आमी पोरगं बगायला लागलो. बन्सी म्हनून सोयरिकी जमवनारा हाय, त्यो पान खात खात म्हनला, गोजरबाई, तुमच्या रेंजमधी बसतील अशी चार स्थळं हायेत. मला लई आवडलं बगा ते. आपली रेंज! बागाईत हाय, दारात ट्रॅक्टर हाय, आपलीबी एक रेंज हाय. आन् त्याच आटवड्यात जया घरी आली, भाकरी थापता थापता म्हनली, आई, मला गोरक्षनाथसंगं लगीन करायचंय. तिच्याच लॅबमधला. पाथर्डीकडचा. आई-बाप दर साली ऊस तोडायला जात्यात, पाचटाच्या कोपीत ऱ्हात्यात, पोरगं तसंच शिकलं. मालक काय रागावले न्हाईत. ते म्हनले, पोरगं बगू तरी. मीच उसळले. मी म्हनले, जये, त्यो आपल्या रेंजमधला न्हाई. ती म्हनली, आई, ह्यो सबुद तू कुटनं आनलास? — भाकर करपली तव्यावर, कुनीच उलथली न्हाई. महिन्याभरात तिनं लगीन केलं, नगरला, नोंदनीचं. चार वर्सं झाली.

आलंच, आलंच. ह्यो लिंब दिसतोय ना, तिथवर. तुमचा फोन वाजाय लागला बगा, हितं लागतो. — न्हाई, उचला तुमी. — झालं? हां. तर तुमी मगा पुसलं की रेंज न्हाई तर फोनचं काय करता आजी. तर फोन यायचा. जयाचाच यायचा. घरात लागत न्हाई, पन गोठ्याच्या कोपऱ्यात एक काडी येती, तिथं मी धार काढायला बसले की वाजायचा. रोज. मी कट करायचे. मालकांना वारं गेल्तं तवा, डावी बाजू गेल्ती, बाजंवर पडून असायचे. ते आतनं इचारायचे, कुनाचा गं? मी म्हनायचे, कुनाचा न्हाई. जयाचा आला का? मी म्हनायचे, कसा येनार, रेंज न्हाई. किती सोपं हाय बगा! काय खोटंबी वाटत न्हाई. समद्या गावाला ठावं हाय, हितं रेंज न्हाई. सोयऱ्याधायऱ्यांनी इचारलं, लेकीचा फोन येतो का? रेंज न्हाई. एवढ्या एका सबुदात माजं समदं झाकून जायाचं.

मग म्हस इकायला घोडेगावच्या बाजारात गेल्ते, तिथं मोबाईलवाल्याची टपरी हाय. त्याला म्हनले, दादा, ह्यो नंबर लई तरास देतो मला, येऊच देऊ नगं. त्यो म्हनला, रॉन्ग नंबर हाय का मावशी? मी म्हनले — व्हय. रॉन्ग नंबर हाय.

…तुमी असं बगू नगा माज्याकडं. पोटची हाय ती माजी.

मालक हितं आले हुते. ह्याच जागी. काठी टेकत, एक पाय वढत — आपन दोगं आता धडधाकट आलो तरी तुमाला दम लागला, तवा इचार करा. मी रानात हुते. घरी आले तर बाज मोकळी, कोनाड्यातला फोन न्हाई. धावत वर आले तर हे लिंबाखाली बसलेले, फोन मांडीवर. माज्याकडं बगून हसले हो. तोंड वाकडं झाल्तं, तरी हसले. म्हनले, गोजर, चार काड्या हायेत बग हितं. येईल आता तिचा. फोन लावायला त्यांना येत नव्हतं, आलेला उचलायचे तेवढा; दिस कलला तरी बसले. मी म्हनले चला, ते म्हनले थांब थोडं. शेवटाला म्हनले, चार काड्या असून का येईना गं? — तवा सांगायचं हुतं. तोंडाशी आल्तं माज्या. मी म्हनले, तिकडं तिच्याकडं रेंज नसंल. ते म्हनले, आसंल, आसंल. आन् उटले. मग पूस महिन्यात वारले. त्यांनी परत फोन मागितला न्हाई कवा.

सावडायच्या दिशी जया आली. कुनीतरी कळवलं. रडली न्हाई. जाताना एवढंच इचारलं, आई, अन्नांनी मला एकदाबी आवाज दिला न्हाई, एवढे रागावले हुते का माज्यावर? मी काय बोलले आसंन? सांगा की. तुमी शिकलेसवरलेले हाय. — तेच, रेंज न्हाई म्हनले. तिचा फोन तर वाजून कट व्हायचा, ती नुसतं बरं म्हनली आन् गेली. तिला वाटतंय बाप तिच्यावर रुसून मेला. दीड वर्स झालं, तिला तेच वाटतंय.

म्हनून मी अडवत हुते, साहेब. तुमचा टॉवर झाला, घराघरात फोन लागला, तर मग मी लोकांना काय सांगू? — आता तुमाला हे कशापायी सांगितलं देव जाने. आना तो कागद. आना म्हन्ते ना. सही येती मला, चौथीपरयंत गेल्ते शाळंत. हितं? आन् हितं? घ्या. आता माजं एक काम करा. ह्यो फोन घ्या, त्यातला त्यो अडवलेला नंबर मोकळा करा. झाला? एवढंच हुतं व्हय? त्या टपरीवरच्या पोरानंबी एवढ्याच टायमात अडवला हुता. — आता लावा. तुमीच लावा. वाजतोय? द्या हिकडं.

…जया? मी हाय. — न्हाई न्हाई, कुनाला काय झालं न्हाई, घाबरू नगं. ठेवू नगं, ऐक. अन्ना तुज्यावर रागावले नव्हते. तुजे फोन मीच — थांब जरा. — अवो साहेब, तुमी अजून हितंच? सही झाली ना तुमची? मग जावा की. त्या अंगानं उतरा, तिकडं चढ कमी हाय. जावा.