साडूंचा अर्धा पडदा

...नाही, नाही, 'मेहनतीचं फळ गोड असतं' हे मला सांगूच नका! सव्वीस वर्षं कापड कापतोय मी, सव्वीस! नुसतं चिमटीत धरलं तरी कापड किती आटेल ते सांगतो. आणि आमचे साडू? बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान हो! त्यांनी शिवलेल्या पँटचे दोन पाय एका उंचीचे निघाले तर घरात आनंदीआनंद. पण तुम्हाला सांगतो, नशीब काढावं ते आमच्या साडूंनीच! यांची बस चुकली, म्हणून पुढच्या बसमध्ये चढले, तर शेजारी कोण? माझी मेव्हणी! तिसऱ्या महिन्यात लग्न! आणि तिच्याच थोरल्या बहिणीसाठी मी तीन वर्षं त्या गल्लीत घिरट्या घातल्या, कुत्रंसुद्धा ओळखीचं झालं... असो.

तर झालं काय, नाट्यगृहात मुख्य शिंप्याची जागा निघाली. कायमची नोकरी! आणि खोली कशी? मोठी, वरच्या मजल्यावर, खिडकीवाली! आता माझं दुकान जिन्याखाली. भर दुपारी दिवा लावावा लागतो, सुईत दोरा ओवायला तीनदा चष्मा पुसावा लागतो. खरं सांगू? मला नोकरीपेक्षा ती खिडकी हवी होती. फार हवी होती हो.

अर्ज दोनच. एक माझा, दुसरा... बरोब्बर! मॅनेजर म्हणाले, "असं करू, रंगमंचाचा पडदा नवा करायचाच आहे. मखमलीचा. अर्धा तुम्ही शिवा, अर्धा ते शिवतील. ज्याचं काम सरस, त्याची जागा."

मनात उकळ्या फुटल्या! कारण मखमल म्हणजे काय खाऊ आहे? मखमलीला लव असते, लव! मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेनं हात फिरवा, गुळगुळीत. उलट फिरवा, खरखरीत. आणि उलटी लावली की रंगच बदलतो! तेच कापड, तोच तागा, पण एक गडद दिसतं, एक फिकट. म्हणून आम्ही आधी हात फिरवतो, मागे खडूनं बाण काढतो, मग कात्री. साडूंनी काय केलं? फोन खांद्यावर धरून, "हो हो, येतो ना जेवायला," असं म्हणत सगळं कापड उलटं कापलं! अख्खं! एक पट्टा चुकून सरळ असेल, तर शपथ!

सकाळी दोन्ही भाग टांगले. डावीकडे माझा, गर्द लाल, भारदस्त. उजवीकडे साडूंचा, चकाकणारा, जवळजवळ गुलाबी! मी मॅनेजरांच्या तोंडाकडे बघतोय, मॅनेजर पडद्याकडे बघतायत, साडू बुटांकडे बघतायत. म्हटलं, जिंकलो! मनातल्या मनात खिडकीत खुर्चीसुद्धा मांडली मी!

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं. दिग्दर्शक! नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक बसवत होते. धावत आले, पायरीला अडखळले, उठले. "एकच कापड... आणि दोन स्वभाव! अहो, हेच तर माझं नाटक! कोणाची कल्पना?"

आणि साडू, तुम्हाला सांगतो, ज्यांना लव आणि अस्तर यातला फरक कळत नाही, ते साडू मान खाली घालून लाजत म्हणतात, "काही नाही... सहज सुचलं."

सहज सुचलं! आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. इथे तर दूधही काढून देत होता! मी ओरडलो, "अहो, माझा अर्धा सरळ आहे म्हणून त्यांचा उलटा दिसतोय!" तर मॅनेजर माझ्या पाठीवर हात ठेवून, "तुमचंही छान आहे हो. पण तुमचा पडदा कसा... पडद्यासारखाच आहे!"

मग कशासारखा असायला हवा होता? चादरीसारखा? नशीब काढावं ते आमच्या साडूंनीच! नोकरी त्यांना, खोली त्यांना, खिडकी त्यांना.

पण पुढे ऐका ना! तो पडदा एवढा गाजला, की आणखी चार नाट्यगृहांनी तसाच मागितला. अर्धा सरळ, अर्धा उलटा! साडूंनी कापला. दोन्ही भाग सरळ! पुन्हा कापला. पुन्हा सरळ! हा माणूस जन्मात पहिल्यांदा चूक करायला बसला, आणि चूक होईना! मॅनेजर लालबुंद. शेवटी साडू माझ्या जिन्याखाली आले, डोकं आपटत आले, कारण दार ठेंगणं आहे. म्हणाले, "दादा, मी ते उलटं कसं कापलं होतं हो?"

खूप हसलो. मग त्यांचा चेहरा बघून वाईटही वाटलं, काय करणार, घरचाच माणूस! गेलो. कापडावर एकदा हात फिरवला, बाण काढला, कात्री चालवली. हुबेहूब त्यांची चूक! इंचभर फरक नाही! मॅनेजरांनी तिथल्या तिथे मला नोकरीवर ठेवलं. साडूंच्या हाताखाली.

घरी येऊन सांगितलं, तर बायको केवढी खूश! म्हणाली, "अहो, शेवटी तुमच्या कसबाची कदर झालीच की! पण काम नेमकं काय आहे?"

"त्यांची चूक करायची," म्हटलं. "त्यांना स्वतःला ती जमत नाही."