थपडेवरचा विनोद

सालोंगो : तिथं तू तोंडच उघडलं नाहीस. हीरो बायकोच्या थोबाडीत मारतो ना, तिथं माझा विनोद असतो. अख्ख्या कंपालाला पाठ आहे तो.

नाकिगोजी : म्हणूनच नाही केला.

सालोंगो : अगं, परक्या भाषेतला सिनेमा चालू असताना माइकवरून आपल्या भाषेत सांगायचा, हा आपला धंदा. माझा घसा बसला म्हणून तुला बसवलं, ती काय गप्प बसायला? इतकी वर्षं हॉल त्या थपडेवर हसतोय.

नाकिगोजी : आज नाही हसला.

सालोंगो : भाड्याच्या बोडा मोटारसायकली चालवणारी पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली. मला वाटलं, वीज गेली.

नाकिगोजी : आणि मग दारातून केळीवाली बोलली.

सालोंगो : पडद्यावरच्या बाईला विचारतेय, ‘फार लागलं का गं?’ आणि तू खुशाल म्हणालीस, ‘लागलं, आत्या.’ सिनेमात असं वाक्य आहे का?

नाकिगोजी : तुमचा विनोद तरी कुठं होता सिनेमात?

सालोंगो : बघा हिचं तोंड. सकाळी गुडघे टेकून मला नमस्कार करणारी पोरगी ती हीच का?

नाकिगोजी : उद्याही टेकीन. तुमच्याकडूनच शिकले सगळं. पण माइकसमोर नाही टेकणार.

सालोंगो : समोरचा हॉलवाला टपून बसलाय. बाईच्या तोंडून मारामारी कोण ऐकणार, म्हणतो. गिऱ्हाईक तिकडं वळलं तर मी या वयात काय करू? गळा काढू म्हटलं तर गळाही नाही.

नाकिगोजी : मारामारीला शिट्ट्या पडल्या की नाही?

सालोंगो : पडल्या. खोटं कशाला बोलू? माझ्यापेक्षा... जाऊ दे.

नाकिगोजी : मग थप्पड माझ्यावर सोडा.

सालोंगो : आणि विनोद करायचाच, असं म्हटलं तर?

नाकिगोजी : तर उद्या दुसरं कुणी बघा. माइकसाठी माझा जीव तुटतो, सालोंगो, तुम्हाला ठाऊक आहे. पण आमच्या घरी थपडेनंतर कुणी हसायचं नाही. तो विनोद माझ्या तोंडून येणार नाही.

(सालोंगो आल्याचं गरम पाणी फुंकत बसतो.)

सालोंगो : केळीवाली जाताना थांबली होती. उद्या बहिणींना आणते म्हणाली.

नाकिगोजी : मग तुम्ही काय म्हणालात?

सालोंगो : मी काय म्हणणार? पुढचा बाक पुसून घे. आजवर दारात उभी राहून बघायची, आता आत बसायचं म्हणते.