उपाशी पेशी

ऑगस्टीन सरांनीच वाट लावली माझी, दुसऱ्या कुणी नाही — आणि काका, तुम्ही त्यांचेच भाऊ शोभता. पाटी वाचली ना? उपाशीपोटी. आणि म्हणे अर्धाच कप चहा, तोही सुनेनं प्रेमानं दिला म्हणून! बाही खाली करा, सुई नाही टोचणार मी. अर्ध्या कपानं काय होतं? बसा, सांगतो काय होतं. इथे तुळिंजला रक्त काढायच्या आधी मी ऑगस्टीन सरांच्या हाताखाली पीएचडी करत होतो — हो, मीच, हसा. पेशीच्या आत केंद्रक असतं, तिथे एक प्रथिन बसून जनुकांना कामाला लावतं. पेशी उपाशी, तोवर ते आतच. बाहेर इन्शुलिन आलं की निरोप या रेणूकडून त्या रेणूकडे जात आत पोचतो, प्रथिनावर फॉस्फेट चिकटतं, आणि त्याला केंद्रकाच्या दारातून बाहेर काढतात — हुकूम बंद. वीस मिनिटांत! आम्ही त्याला हिरवं चमकवलं होतं, डोळ्यांना दिसायचं.

म्हणून पेशींच्या निम्म्या डिश उपाशी ठेवायच्या, निम्म्यांना इन्शुलिन. सोमवारी बघतो तर उपाशी डिशमध्येही हिरवं बाहेर! एकदा नाही, तीन सोमवार. तिसऱ्यांदा झाकण पाहिलं — सरांच्या अक्षरात रविवारची तारीख. चर्चमधली मिस्सा आटोपून म्हातारा लॅबमध्ये यायचा आणि डिशमध्ये सिरम, म्हणजे पेशींचं खाणं, घालायचा! म्हणे, पोरगा विसरला असेल, बिचाऱ्या पेशी मरतील. भुईगावात त्यांच्या घरून कुणी उपाशी जात नाही, त्याची कोण ऐट! सिरमनंही तोच निरोप जातो, हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. सरांना झाकण दाखवलं, तर पुसलं हो — स्पिरिटच्या बोळ्यानं, माझ्यासमोर — आणि चौकशी समितीपुढे म्हणाले, हरेशनं डिश अदलाबदल केल्या. थुंकावंसं वाटतं.

मी काय केलं? बाप म्हणाला, मोठा माणूस आहे, पाय धर. आमचा बाप, दुसरं काय म्हणणार! आणि दर सोमवारी माझ्या टेबलावर सरांच्या बायकोच्या, फ्लॉसीबाईंच्या हातच्या गोड फुग्यांचा, तळलेल्या गोळ्यांचा डबा — तो कोण खायचं? मीच. त्या सोमवारीही खाल्ला, झाकण पुसून झाल्यावर. आणि कबुलीच्या कागदावर सही केली. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे.’

असं बघू नका. उठा, उद्या सातला या, पाण्याशिवाय काही नको — सुनेला सांगा. काय गेलं माझं? चार वर्षं गेली. डिग्री मिळाली नाही.